म्हाळसाबाईचं कासव उत्तरेकडं बघत न्हाय

पैज लागली ती कासवावरनं, आणि लागली सकाळी सकाळी माउलीच्या चहाच्या गाड्यावर, सगळ्या गल्लीच्या देखत. अशा पैजा एरवी चहा संपेपर्यंत टिकतात. कप बादलीत पडला की पैजही विसळून जाते. पण ही पैज घेतली होती म्हाळसाबाईनं, आणि अक्कलकोट रोडकडच्या त्या गल्लीत म्हाळसाबाईला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. बावन्न वर्षांची बाई, दोन सुनांची सासू, पण अंगातली खोडी काही गेलेली नव्हती. मागच्याच साली तिनं गल्लीत उठवून दिलं होतं की घरटी मांजरांची शिरगणती होणार हाय. ते ऐकून गिरिजाबाई दोन दिवस शेजारणीचं मांजर आपल्या घरात कोंडून बसली होती, न जाणो मांजरामागं काही मिळालं तर.

तर कासव. गल्लीच्या तोंडावर सिद्धलिंग शेठचं चादरी-टॉवेलचं दुकान. म्हाळसाबाई त्यांच्याच टॉवेलांचे काठ घरी मशीनवर शिवायची, त्यामुळं रोजचं जाणं-येणं. शेठच्या गल्ल्याशेजारी ताटलीतल्या पाण्यात एक पितळी कासव बसलेलं असायचं, उत्तरेकडं तोंड करून. यंदा धंदा मंदावला तशी कुणी एका वास्तूवाल्यानं येऊन सांगितलं की पितळेचं पुरत नाही, जिवंत आणा. शेठ कामाला चोख. आपल्याकडचं देशी कासव पाळणं गुन्हा असतो हे विचारून घेतलं, परदेशी जातीचं आणलं, त्याच्या नोंदणीचा कागद फ्रेम करून भिंतीला लावला. आणि मग जे पितळेच्या कासवाला केलं तेच ह्याला केलं. काचेची मोठी पेटी, पेटीत घंगाळ, घंगाळात पाणी, पाण्यात कासव. पाठीवर हळद-कुंकू, डोक्यावर एसी. खायला प्रसादाचे पेढे.

कासव काही उत्तरेकडं बघेना. घंगाळातनं कसंबसं बाहेर पडायचं आणि दिवसभर काचेला नाक लावून पायानं खरडत राहायचं. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, “बघा, लक्ष्मीला कसं बोलवलालंय.” मग ते परत उचलून घंगाळात, तोंड उत्तरेला. महिन्याभरात खरडणंही थांबलं.

त्या सकाळी म्हाळसाबाई गठ्ठा टाकून आली, माउलीकडनं कप घेतला आणि म्हणाली, “शेठ, तुमचं कासव मरलालंय.”

शेठनी बशी खाली ठेवली. “म्हाळसाक्का, सकाळच्या पारी अभद्र बोलू नका. ध्यानात बसलंय ते.”

“ध्यानात न्हाय, पाण्यात बसलंय. जमिनीवरचं जनावर हाय ते. पाय बघितलात का त्याचं? मुसळावानी हायत. पोहणाऱ्याच्या बोटांमधी कातडं असतंय, बदकाला असतंय तसं. ह्याला घंगाळात ठिवणं म्हंजे शेळी विहिरीत बांधणं.”

“मग घराघरात लोक कासव पाण्यात ठेवलालेत ते येडे हायत काय?”

“ते पितळेचं ठिवत्यात. पितळेला सर्दी हुत न्हाय.”

गाड्यावरचे चौघं हसले. माउलीनं हसू दाबायला उगीच आलं ठेचलं. शेठना ते हसणं झोंबलं.

“जनावरातलं लई कळतंय तुमाला.”

“कळतंयच. माझ्या बापानं सांगोल्याकडं तीनशे मेंढरं राखली. लेंडी बघून सांगते कुणाच्या पोटात काय बिघडलंय. तुमाला सांगू का?”

“बेडा,” शेठ म्हणाले. चिडले की शेठ कानडीवर यायचे. “नको मला. न्या ते कासव. एक महिना न्या. महिन्यानं ह्या गल्लीतनं आपल्या पायानं चालून दाखवलं, तर मी मंगळवारच्या बाजारात त्याच्या डोक्यावर छत्री धरून मागं मागं चालतो.”

“आन् न्हाय चाललं तर?”

“तर तुमी त्या काचेच्या पेटीत बसायचं. दिवसभर. उत्तरेकडं तोंड करून, पाठीला कुंकू लावून.”

आता मात्र गाड्यावरच्यांना बसायला जागा पुरेना इतके हसले. म्हाळसाबाई पण हसली. हसता हसता म्हणाली, “मान्य. पण माझं बी एक ऐका. चालाय लागल्यावर ते जितं जाऊन निवांत बसंल, तितंच ते ऱ्हायचं. कागदबी त्याच घराच्या नावावर करून द्यायचा.”

“दिला,” शेठ म्हणाले. चालायचंच नाही ते बसणार कुठं, असा त्यांचा हिशोब.

“माउली, ऐकलंस न्हवं?”

“गल्लीनं ऐकलं, काकू.”

हसण्यावारी गेलं सगळं. पण म्हाळसाबाईनं पेटीजवळ वाकून बघितलं होतं. कासवाचे डोळे आत गेले होते, नाकाशी बुडबुडा होता, आणि हात लावला तर मान आत घ्यायचीही त्याला फिकीर नव्हती. असं कोकरू तिनं बापाच्या मेंढवाड्यात बघितलेलं. भीती जाते तेव्हा जनावराचं फार थोडं उरलेलं असतं. ती पेटीत बसायला भीत नव्हती, तिथं बसूनही तिनं गिऱ्हाइकं हसवली असती. पण हरली की कासव परत काचेत जाणार, आणि तिथं ते आठ दिवस काढणार नाही, हे तिला आणि कासवाला दोघांनाच ठाऊक होतं.

पाटीत फडकं घालून तिनं ते घरी आणलं. नवरा बिरुदेव एमआयडीसीत वॉचमन. दाढी करता करता त्यानं आरशातनंच बघितलं. “मेंढरं सोडून शहरात आलो, ते हे सांभाळायला व्हय?”

“मेंढरं वरडायची. हे गप असतंय. तुमच्यापरीस बरं.”

पहिल्यांदा कुंकू धुतलं. मग जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं नाकाचं औषध दिलं आणि सांगितलं, कोरडं ठेवा, ऊब द्या, आणि गोडाधोडाचं बंद. मोबाईलवरही बघितलं तिनं. व्हिडिओतला गडी इंग्रजीतनं बोलत होता, तेव्हा आवाज बंद केला आणि नुसतं त्याचं कासव काय करतंय तेवढं बघत बसली. मेंढराचं तरी काय, मेंढरू कुठं बोलून दाखवतंय.

मागच्या अंगणात शेवग्याखाली जागा केली. चारी बाजूनं कोंबड्यांची जाळी ठोकली. तिसऱ्या दिवशी कासवाला तरतरी आली आणि बया, ते काचेवर करत होतं तेच जाळीवर करायला लागलं. सकाळपासनं एकच कोपरा, नाक जाळीत, पाय खर्रखर्र. नाकाला रक्त आलं तरी थांबेना. बिरुदेव म्हणाला, “ह्याला हितलं बी आवडंना.”

म्हाळसाबाई पाटावर बसून तासभर नुसती बघत राहिली. मग उठली, दुकानातनं आलेल्या डागी चादरी होत्या त्या आणल्या आणि जाळीला खालनं हातभर उंचीपर्यंत सगळीकडनं बांधून टाकल्या. पलीकडचं दिसायचं बंद झालं. कासव दोनदा कडेकडेनं फिरून आलं, मध्ये बसलं आणि पाय पसरले.

“बघा,” ती नवऱ्याला म्हणाली, “पलीकडचं दिसतंय म्हंजे तिकडं जाता येतंय, एवढंच त्याला कळतंय. काच आन् जाळी त्याच्या डोस्क्यात बसत न्हाय. आन् शेठ म्हणतोय लक्ष्मीला बोलवतंय. ते म्हणत हुतं, मला बाहीर काढा.”

सकाळी उन्हाला आणायचं, पसरट ताटलीत बोटभर कोमट पाणी, त्यात घटकाभर ठेवायचं. कासव तोंड पाण्यात खुपसून शांतपणे प्यायचं, मग तिथंच घाण करायचं. त्यात चुन्यासारखं पांढरं घट्ट पडलं की पाणी कमी पडतंय, आणि पातळ पडलं की बरं चाललंय, हे तिला पाचव्या दिवशी कळलं. हरळी आणून टाकली. जास्वंदीची पानं, निवडुंगाचं काटे काढलेलं पान, वाळलेलं गवत. बारा दिवस त्यानं कशाला तोंड लावलं नाही. तेराव्या दिवशी जास्वंदीचं एक लाल फूल पडलेलं होतं, ते त्यानं मान तिरकी करून बघितलं आणि फाडून खाल्लं. म्हाळसाबाईनं मशीन बंद केलं, बाहेर आली आणि कुणी नाही बघून पदरानं डोळे पुसले. मग गिरिजाबाईला हाक मारून सांगितलं की तुझ्या झाडाची फुलं आजपासनं माझी, कुणाला सांगू नको.

एक भीती राहिली होती. रोज दहा-साडेदहा वाजले की कासव खाणं टाकून भिंतीच्या बुडाशी माती उकरायचं. समोर फूल धरलं तरी बघायचं नाही. सोलापूरचं ऊन तेव्हा चाळिशीच्या वर गेलेलं. तिला वाटलं परत आजारलं. मग एका दुपारी तिनं त्यानं उकरलेल्या जागेत हात घातला, आणि आतली माती गार लागली. तिनं कपाळावर हात मारला. आपण दुपारी भाकरी टाकून पंख्याखाली आडवं होतो, तो आजार काय. बिरुदेवला कामाला लावला, पडीक रांजण होता तो आडवा करून अर्धा जमिनीत पुरला, वर माती, मातीवर ओली पोती. कासवानं दारातनं एकदा वास घेतला आणि सरळ आत गेलं. तेव्हापासनं भर दुपारी गल्ली निजली की ती फाटक उघडं टाकून त्याला बाहेर सोडायची, आणि ऊन लागलं की ते कुठनंही वळून रांजणात. वाट त्याला पाठ झाली होती.

चौथ्या आठवड्यात शेठनी बायकोला पाठवलं. दानेश्वरीवैनी साध्या, देवभोळ्या. हातात हळदी-कुंकवाची वाटी घेऊनच आल्या. “म्हाळसाक्का, जरा दर्शन घेते की.”

दुपारची वेळ. कासव रांजणात. म्हाळसाबाई म्हणाली, “थांबा वैनी, जरा सावरते,” आणि परसात जाऊन भज्यांची काळी लोखंडी कढई चार दगडांवर उपडी घातली, कडेनं थोडं गवत पसरलं. सावलीत तेवढं पुरलं. वैनींनी लांबनंच हात जोडले, मग भीत भीत पुढं होऊन पाठीवर हळद-कुंकू वाहिलं.

“हालत न्हाय का हो?”

“ठिवली तशीच बसलीय बघा,” म्हाळसाबाई मान खाली घालून म्हणाली. खोटं एक अक्षर बोलली नाही.

वैनींनी घरी जाऊन सांगितलं, दगड झालंय. शेठनी त्याच दिवशी सगळ्या बाजारात सांगून टाकलं की मंगळवारी म्हाळसाबाई काचेत बसणार. पेटी पुसून ठेवली, पाट टाकला. वास्तूवाल्याला विचारून वेळही काढली, दुपारी बारा. म्हाळसाबाई गठ्ठा द्यायला गेली तर म्हणाली, “बारा नगं शेठ, ऊन असतंय. सकाळी आठला घिवूया की.”

“बारा म्हंजे बारा. अभिजित मुहूर्त हाय.”

“पाया पडते, सकाळी घ्या.”

“आन् म्हाळसाक्का,” शेठ गल्ल्यावरनं पुढं वाकले, “ही असली नाटकं गल्लीत करायची तर टॉवेल मी दुसरीकडं शिवून घिन.”

हे मात्र तिला टोचलं. तिनं गठ्ठा तिथंच काचेवर ठेवला. “मग हा बी ठेवा. काठ दुसरीकडं शिवा. मी काय कुणाच्या ताटलीतली न्हाय, तुमी फिरवाल तिकडं तोंड करायला.” आणि घरी येऊन मग पोट धरून हसली. कासवाचा स्वभाव कळायला तिला तीन आठवडे लागले होते, शेठचा वीस वर्षांपूर्वीच कळला होता. सकाळी म्हटलं की दुपार.

मंगळवारी अकरापासनंच गर्दी. म्हाळसाबाईनं सिमेंटच्या रस्त्यावर भिजवलेली पोती अंथरली होती, माउलीच्या गाड्यापासनं वीस पावलं तिच्या फाटकाकडं आणि वीस पावलं शेठच्या दुकानाकडं. शेठच्या बाजूची पोती तर तिनं दोनदा भिजवली, नंतर कुणी म्हणायला नको. पलीकडं खुर्चीवर शेठ, मांडीवर दुकानाचं नाव छापलेली नवी छत्री, नुसती गंमत म्हणून आणलेली.

बाराला तिनं झाकलेली पाटी आणून गाड्यासमोर ठेवली आणि फडकं काढलं. कासवानं मान बाहेर काढली. मग पाय. मग उभं राहून एक पाऊल टाकलं.

गर्दीतनं असा आवाज आला की पलीकडच्या भाजीवाल्यानं तराजू सोडला. दानेश्वरीवैनी गालाला हात लावून म्हणाल्या, “अय्यो, मग मी कुंकू कुणाला लावलं?”

“कढईला, वैनी. लई पावली. त्या दिवशी भजी अशी फुगली म्हणता.”

शेठचा चेहरा बघायला लोक एकमेकांच्या खांद्यावर चढले. पण शेठ व्यापारी माणूस, एक बाजू गेली की दुसरी धरणारा. उठले, छत्री उघडली आणि म्हणाले, “चाललं, कबूल. पण बसणार कुटं ते बघू.” आणि नोकराला खूण केली. नोकरानं दुकानाच्या पायरीखाली परात आणून ठेवली. परातीत लाल टोमॅटो, कापलेली पपई, जास्वंदीच्या फुलांचा ढीग. गिरिजाबाईनं खाली बघितलं. फुलांचं कुणी सांगितलं असेल ते म्हाळसाबाईला तिथंच कळलं.

हे मात्र तिनं धरलं नव्हतं. लाल दिसलं की कासव जातं, हे तिनंच तर बघितलं होतं.

कासव वळलं ते दुकानाकडंच. शेठ छत्री धरून मागं, वाकून, एक पाऊल आणि थांब, एक पाऊल आणि थांब. पोरं शिट्ट्या मारायला लागली, कुणीतरी मोबाईलवर बँजो लावला. दुकान आठ पावलांवर राहिलं आणि त्या गोंगाटात कासव फुस्सकन आवाज करून आत गेलं. डोकं नाही, पाय नाही. नुसता दगड.

“बसलं,” शेठ म्हणाले. “माझ्या दुकानासमोर बसलं. माउली, सांग.”

“बसलं न्हाय, भ्यालंय,” म्हाळसाबाई गर्दी फाडत पुढं आली. “निवांत बसंल तितं, असं ठरलं हुतं. निवांत जनावर मान जमिनीला टेकवतंय, पाय पसरतंय. हे कवाड लावून बसलंय. वसुलीवाला आला की तुमी शटर खाली वढता, म्हंजे दुकान कायमचं बंद केलं का शेठ?”

“नियम म्हंजे नियम.”

“मग मी बी हितंच बसते.” ती ओल्या पोत्यावर मांडी घालून कासवाशेजारी बसली. “ह्याला काचेत घालायचं तर मला बी घाला. दोघांची तोंडं उत्तरेला करा. बघू किती दिवस ऱ्हातात. आन् तुमी शिट्ट्या मारणारे, तुमच्या घरात बारकं मूल निजलं असलं तर असंच वरडता का? गप ऱ्हावा जरा.”

माउलीनं स्टोव्ह बंद केला. नेहमी भर्र करणारा तो स्टोव्ह बंद झाला तशी सगळी गल्लीच गप झाली. “थांबायचं,” माउली म्हणाला. “मान बाहीर येईपतूर थांबायचं.”

बाजाराच्या दिवशी भर बाराला दीडशे माणसं एका कासवाकडं बघत गप उभी होती. शेठचा छत्रीचा हात भरून आला. हात बदलू का, असं त्यांनी डोळ्यांनीच माउलीला विचारलं, माउलीनं नको म्हणून मान हलवली. पोती वाळत आली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

नाकाचं टोक बाहेर आलं. मग डोळे. कासवानं समोरचा लाल ढीग बघितला, पोती ओलांडून पायरीपर्यंत गेलं आणि मान लांब केली. शेठनी छत्री पुढं सरकवली. कासवानं परातीच्या कडेवरच्या टोमॅटोचा एक लचका तोडला. दुकानातले नोकर टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्याला पायाखालचं सिमेंट लागलं. छत्रीची सावली होती, पण खालनं भाजत होतं. टोमॅटोची साल ओठाला तशीच लोंबत राहिली आणि ते जागच्या जागी वळलं.

“ओ ओ,” शेठ म्हणाले, “अजून खा की.”

कासवानं ऐकलं नाही. आलं होतं त्याच्या दुप्पट जोरानं निघालं, दुकानाकडनं गाड्याकडं, गाड्याच्या चाकाखालनं, भाजीवाल्याच्या पाटीला धडकून, तिच्या बाजूच्या पोत्यांवर. शेठ छत्री घेऊन मागं. चाकाखालनं त्यांना जाता येईना म्हणून वळसा घालून धावले. छत्री क्षणभर बाजूला झाली तशी गिरिजाबाईच म्हणाली, “शेठ, ऊन लागलालंय त्याला.” गल्लीनं आता हळू आवाजात हसायचं ठरवलं होतं, आणि ते हसणं मोठ्या हसण्यापेक्षा वाईट होतं.

म्हाळसाबाईनं हाक मारली नाही, फूल दाखवलं नाही, पुढंही गेली नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून सगळ्यांच्या मागनं चालत राहिली. फाटक सताड उघडं होतं, जाळीची एक बाजूही सोडलेली. कासव उंबऱ्यावर पोट घासत चढलं, आत पडलं आणि शेवग्याकडं निघालं. शेठ दोरीवरच्या ओल्या कपड्यांखालनं वाकून आत शिरले. बिरुदेवचा लेंगा त्यांच्या तोंडावरनं फिरला. मागनं अख्खा बाजार जाळीला चिकटून उभा राहिला, दानेश्वरीवैनी सगळ्यांच्या पुढं.

रांजणाच्या तोंडाशी कासवानं मान जमिनीला टेकवली, गार माती हुंगली आणि पुढचे दोन पाय आत घातले. तिथंच थबकलं. मागचे पाय लांब पसरले.

“झालं,” शेठ घाम पुसत म्हणाले. “बसलं. कागद उद्या देतो. वनखात्यात सही करायला मीच येतो. टॉवेलाचा गठ्ठा पण पाठवतो.” आणि त्यांनी छत्री मिटायला घेतली.

“शेठ,” म्हाळसाबाई पाट घेऊन त्यांच्या शेजारी बसत म्हणाली, “अजून अर्धं बाहीर हाय. धरा तशीच. घाई नसती त्याला.”

शेठनी जाळीबाहेरच्या गर्दीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. वैनींनी पदर तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. शेठनी छत्री परत उघडली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कासवाच्या शेपटावर सावली करून उभे राहिले.